'स्टॉप' : थांबणे, थांबवणे आणि बंद करणे



मराठी पानावर इंग्रजी शब्दाचा पाठ कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. कारण साधे आहे. आपण विचार मराठीत करतो आणि पेपर इंग्रजीत लिहितो. एनडीएच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 200 गुण इंग्रजीचे असतात आणि त्यात समानार्थी-विरुद्धार्थी शब्द हमखास विचारले जातात. म्हणून आपण याद्या पाठ करतो. पण यादीत शेजारी बसणारे दोन शब्द वाक्यात एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही. परीक्षेत त्यामुळे एखादा गुण जाईल. पुढे हुकूम, अहवाल किंवा वायरलेसवरचा निरोप देताना मात्र चुकीचा शब्द याहून महाग पडतो.

आज 'स्टॉप' हा शब्द घेऊ. बालवाडीतल्या मुलालाही येणारा हा शब्द आहे, म्हणूनच त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही.

एकच घटना, पाच 'स्टॉप'

चेन्नईच्या उत्तर टोकाला समुद्रकाठी एन्नोर आहे. आपल्या सैन्याचे 'स्टॅलियन' ट्रक ज्या अशोक लेलँडचे, तिचा जुना कारखाना इथलाच. जवळच पूर्वी 'एन्नोर बंदर' या नावाने ओळखले जाणारे आणि 2014 पासून 'कामराजर बंदर' म्हटले जाणारे मोठे बंदर आहे. 28 जानेवारी 2017 रोजी पहाटे या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. 'बीडब्ल्यू मेपल' हे गॅसवाहू जहाज माल उतरवून बाहेर पडत होते आणि 'डॉन कांचीपुरम' हे तेलवाहू जहाज आत येत होते. टक्करीनंतर जड इंधन तेल समुद्रात सांडले आणि एन्नोरपासून दक्षिणेकडे किनाऱ्याला काळा थर लागला. तटरक्षक दलाचे जवान, विद्यार्थी, मच्छीमार आणि स्वयंसेवक यांनी तो चिकट गाळ बादल्या भरभरून उपसला. मासळीचा बाजार बसला.

चूक कोणाची, हा चौकशीचा विषय. आपला विषय शब्दांचा आहे. ही हकीगत इंग्रजीत सांगताना 'स्टॉप' किती वेळा येतो ते पाहा.

1. जहाजांना वेळेत थांबता किंवा वळता आले नाही. इथे 'स्टॉप' म्हणजे चालती गोष्ट स्वतः थांबणे.
2. फुटलेल्या जागेतून होणारी गळती बंद करायची होती. 'स्टॉप द लीक'. इथे 'स्टॉप' म्हणजे भोक बुजवणे.
3. सांडलेले तेल पसरण्यापासून अडवायचे होते. 'स्टॉप द ऑइल फ्रॉम स्प्रेडिंग'. इथे 'स्टॉप' म्हणजे आळा घालणे.
4. अनेकांनी काही दिवस मासे घेणे बंद केले. 'पीपल स्टॉप्ड बाइंग फिश'. इथे 'स्टॉप' म्हणजे चालू सवय सोडणे.
5. असे पुन्हा घडू द्यायचे नाही. इथेही लोक 'स्टॉप' म्हणतात, पण योग्य शब्द 'प्रिव्हेंट', म्हणजे आधीच टाळणे.

मराठीत आपण पाचही ठिकाणी वेगळे क्रियापद वापरले : थांबणे, बंद करणे, अडवणे, सोडणे, टाळणे. इंग्रजीतला 'स्टॉप' एकटा ही सगळी कामे करतो. पण कामे वेगळी आहेत हे ज्याला कळले, त्यालाच नेमका समानार्थी शब्द निवडता येतो.

मूळ अर्थ : बूच मारणे

'स्टॉप'चा जुना अर्थ थांबणे असा नव्हताच. लॅटिनमध्ये 'स्टुप्पा' म्हणजे जवसाच्या जातीच्या झाडाचा जाडाभरडा ताग, चिंधीसारखा. तो फटीत किंवा भोकात कोंबायचा. त्यावरून कोंबणे, बुजवणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ते जुन्या इंग्रजीत आले. वाहणारी गोष्ट बुजवली की थांबते. त्यावरून पुढे कितीतरी काळाने कोणतीही हालचाल थांबणे हा अर्थ रूढ झाला.

जुना अर्थ आजही जिवंत आहे. बाटलीचे बूच म्हणजे 'स्टॉपर'. आपले नळकारागीर ज्याला 'स्टॉप कॉक' म्हणतात, तो पाणी अडवणारा तोटीचा भाग. 'स्टॉपगॅप' म्हणजे शब्दशः फट बुजवण्यापुरती गोष्ट, तात्पुरती सोय. सर्दीने नाक चोंदले की इंग्रज म्हणतो, नाक 'स्टॉप्ड अप' झाले आहे. आणि प्रथमोपचारात जखमेवर कापड दाबून रक्त थांबवायला शिकवतात, तेव्हा आपण त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थच हाताने करत असतो.

आपल्या 'थांब'ची गंमत

इंग्रजीत जसा 'स्टॉप' ऐसपैस आहे, तसा मराठीत 'थांबणे' ऐसपैस आहे. पण दोघे वेगवेगळ्या दिशांना पसरले आहेत, आणि मराठी मुलांच्या चुका नेमक्या तिथेच होतात.

'पाऊस थांबला' - इथे 'स्टॉप' बरोबर.
'माझ्यासाठी फाटकापाशी थांब' - इथे 'वेट'. 'स्टॉप फॉर मी' म्हटले तर चालता चालता माझ्यासाठी पाय थांबव, असा अर्थ होतो.
'आज रात्री आमच्याकडेच थांबा' - इथे 'स्टे'.
'जरा थांब, मला बोलू दे' - इथे 'वेट' किंवा 'होल्ड ऑन'.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. 'थांबणे'च्या जागी 'वाट पाहणे' बसले तर 'वेट', 'मुक्काम करणे' बसले तर 'स्टे', आणि 'चालू असलेले संपणे' बसले तर 'स्टॉप'.

एसटीच्या पाटीवरचा 'विनंती थांबा' आठवा. तिथे 'थांबा' हे नाम आहे, गाडी थांबण्याची जागा. रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवरचा 'थांबा' मात्र हुकूम आहे. इंग्रजीतही तसेच : 'बस स्टॉप' हे नाम आणि पाटीवरचा 'स्टॉप' ही आज्ञा. एन्नोरकडे गेलात तर तमिळ पाटीवर 'निल्' दिसेल. त्याचा अर्थ थांब असाही होतो आणि उभा राहा असाही. बसथांब्याला ते 'निरुत्तम्' म्हणतात. आपणही 'ही गाडी इथे उभी राहत नाही' असे म्हणतोच की. थांबणे आणि उभे राहणे यांचे नाते दोन्ही भाषांनी ओळखले आहे.

एका अक्षराने उलटा होणारा अर्थ

आता व्याकरणाचा मुख्य भाग. ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

'द सेंट्री स्टॉप्ड टू चेक द ट्रक.'
'द सेंट्री स्टॉप्ड चेकिंग द ट्रक.'

पहिल्या वाक्यात पहारेकरी हातातले काम थांबवून ट्रक तपासायला वळला. दुसऱ्यात त्याने ट्रकची तपासणी बंद केली. एका वाक्यात कर्तव्य केले, दुसऱ्यात सोडले. नियम असा : 'स्टॉप'नंतर 'टू' आणि क्रियापद आले तर ते थांबण्याचे कारण असते. 'स्टॉप'नंतर 'इंग' लागलेले क्रियापद आले तर तीच क्रिया बंद पडलेली असते.

मराठीतही हा फरक आहे. 'तपासायला थांबला' आणि 'तपासायचे थांबवले' ही दोन वाक्ये आपण कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. तेव्हा इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनात मराठी वाक्य पुरे करा. 'करायला थांबला' असेल तर 'टू', 'करायचे थांबवले' असेल तर 'इंग'.

तिसरी रचना 'फ्रॉम'ची. 'द सेंट्री स्टॉप्ड द ड्रायव्हर फ्रॉम एंटरिंग', म्हणजे पहारेकऱ्याने चालकाला आत येऊ दिले नाही. इथे थांबवणारा वेगळा आणि थांबलेला वेगळा.

समानार्थी शब्द, पण समान नव्हेत

हॉल्ट : मैदानावरचा शब्द. मूळ जर्मन 'हाल्टेन', म्हणजे धरणे. सैनिकी भाषेतून तो इंग्रजीत आला. चालती तुकडी, ताफा, गाडी हुकमाने थांबते ते 'हॉल्ट'. आपल्या कवायतीतला 'थम' तो हाच. पहारेकऱ्याच्या 'थम, कौन आता है' यातलाही हाच. पाऊस किंवा डोकेदुखी थांबली तर बोलताना 'हॉल्ट' म्हणत नाहीत. पुढे पुन्हा चालायचे आहे, अशी छटाही त्यात अनेकदा असते. रेल्वेत छोट्या स्थानकाला 'हॉल्ट' म्हणतात.

सीस : औपचारिक, कागदावरचा शब्द. चालू असलेली क्रिया संपणे. 'सीसफायर', 'सीस वर्क'. उच्चार सांभाळा. 'सीस' म्हणजे थांबणे आणि 'सीझ' म्हणजे जप्त करणे, पकडणे. इंजिन 'सीझ' झाले म्हणजे भाग एकमेकांत धरून बसले, जाम झाले. स्पेलिंगही वेगळे आहे. 'इन्सेसंट' म्हणजे न थांबणारा, अखंड. हा शब्द 'सीस'च्याच घरातला. 'इन्सेसंट रेन' म्हणजे संततधार.

पॉज : थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू करणे. मराठीत विराम, उसंत. भाषण करताना स्वल्पविरामाला 'पॉज' घ्यायचा असतो.

सस्पेंड : अधिकाऱ्याच्या आदेशाने काही काळ थांबवणे. कामकाज तहकूब करणे, आदेशाला स्थगिती देणे, माणसाला निलंबित करणे. पुन्हा सुरू होण्याची वाट मोकळी असते. 'टर्मिनेट'मध्ये ती वाट बंद असते.

क्विट आणि गिव्ह अप : स्वतःहून सोडून देणे. तंबाखू सोडणे, नोकरी सोडणे. 'क्विट इंडिया' म्हणजे 'भारत थांबवा' नव्हे, 'चले जाव'. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर हा ठराव झाला.

अरेस्ट : आपल्याला फक्त अटक आठवते. पण मूळ अर्थ जागच्या जागी रोखणे. हृदय बंद पडणे म्हणजे 'कार्डिॲक अरेस्ट'. नौदलात जाऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक उपयोग लक्षात ठेवावा. 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झालेल्या 'आयएनएस विक्रांत'वर विमान उतरते तेव्हा त्याच्या शेपटीकडचा आकडा डेकवर ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि विमान थोड्या अंतरात रोखले जाते. त्या दोराला 'अरेस्टर वायर' म्हणतात. तिथे कोणी 'स्टॉपिंग वायर' म्हणत नाही.

चेक : वेग किंवा वाढ रोखणे. पूर्ण थांबेलच असे नाही. 'शत्रूची आगेकूच रोखली' यासाठी चांगला शब्द.

प्रिव्हेंट : सुरू होण्याआधीच टाळणे. 'स्टॉप' साधारणतः सुरू झालेल्या गोष्टीला लागतो. म्हणूनच जहाजांच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या नावात समुद्रावरच्या टकरी 'प्रिव्हेंट' करणे असा शब्द आहे. टक्कर सुरू झाल्यावर ती थांबवता येत नाही.

'स्टॉप' म्हटले म्हणजे थांबले असे नाही

एन्नोरच्या समुद्राकडे पुन्हा वळू. मोटारीत ब्रेक दाबला की काही मीटरांत गाडी थांबते. जहाजाला तसा ब्रेक नसतो. इंजिन बंद केले तरी हजारो टनांचे वजन पाणी कापत पुढे जातच राहते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा मापदंड असा आहे की, पूर्ण वेगातल्या जहाजाने इंजिन पूर्ण उलटे फिरवल्यावर सर्वसाधारणपणे आपल्या लांबीच्या 15 पट अंतरात थांबावे. जहाज 200 मीटर लांब असेल तर हे अंतर 3 किलोमीटर होते.

त्यामुळे खलाशांच्या भाषेत दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या आहेत. 'स्टॉप इंजिन्स' हा इंजिनाला दिलेला हुकूम आहे. 'स्टॉप्ड' ही जहाजाची स्थिती आहे, आणि ती हुकमानंतर बऱ्याच वेळाने येते. धुक्यात भोंगा वाजवण्याचे नियमही हा फरक पाळतात. पाणी कापत चाललेले यांत्रिक जहाज एक लांब भोंगा देते. नांगर न टाकता पाण्यात निश्चल झालेले जहाज लागोपाठ दोन लांब भोंगे देते. दोन्ही 2 मिनिटांहून जास्त खंड न पडता पुन्हा पुन्हा द्यायचे असतात. इंजिन नुकतेच बंद केले, पण जहाज अजून सरकते आहे, अशा वेळी दोन भोंगे दिले तर समोरच्याची फसगत होईल.

निशाणांची भाषाही अशीच नेमकी आहे. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत 'स्टॉप'शी संबंधित तीन निशाणे आहेत.

'एल', पिवळ्या-काळ्या चार चौकटींचे : तुमचे जहाज ताबडतोब थांबवा.
'एम', निळ्यावर पांढरी तिरपी फुली : माझे जहाज थांबले आहे आणि पाण्यातून सरकत नाही.
'एक्स', पांढऱ्यावर निळी उभी-आडवी फुली : तुम्ही जे करायला निघाला आहात ते थांबवा आणि माझ्या संकेतांकडे लक्ष ठेवा.

पहिल्यात दुसऱ्याला थांबवणे आहे, दुसऱ्यात स्वतः थांबलेले असणे आहे, तिसऱ्यात बेत रद्द करायला लावणे आहे. निशाण बदलले तर निरोपच बदलतो. आपल्या कवायतीतही 'थम' ऐकल्याक्षणी कोणी पाय हवेत ठेवत नाही. ठरलेले पाऊल पुरे करून सगळी तुकडी एका ठोक्यात थांबते. हुकूम आणि थांबणे यांत तिथेही पावलाचे अंतर आहे.

युद्ध थांबते म्हणजे काय?

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तीन शब्द नेहमी गोंधळ करतात.

'सीसफायर' म्हणजे युद्धबंदी किंवा शस्त्रसंधी. गोळीबार थांबतो, भांडण तसेच राहते. काश्मीरमध्ये 1 जानेवारी 1949 रोजी युद्धबंदी झाली आणि त्यावरून 'युद्धबंदी रेषा' हे नाव पडले. 1972 च्या सिमला करारानंतर 'नियंत्रण रेषा' हे नाव आले.

'आर्मिस्टिस' म्हणजे दोन्ही बाजूंनी औपचारिक करार करून लढाई थांबवणे. लॅटिनमध्ये 'आर्मा' म्हणजे शस्त्रे, आणि पुढचा भाग थांबण्याच्या धातूपासून आला आहे. कोरियात 27 जुलै 1953 रोजी असा करार झाला. त्यानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या 22 हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळण्यासाठी भारताने आपले दल पाठवले. त्या दलाचे नेतृत्व कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी केले. ते पुढे लेफ्टनंट जनरल झाले. कोरियात शांतता करार आजही झालेला नाही. लढाई थांबली, युद्ध कागदावर संपले नाही.

'ट्रीटी' म्हणजे तह. इथे अटी ठरतात आणि वाद मिटल्याचे दोन्ही बाजू मान्य करतात. 1665 चा पुरंदरचा तह आपण शिकलो आहोत. तह पुढे टिकतो की नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

उत्तरपत्रिकेत 'ट्रीटी'च्या जागी 'सीसफायर' लिहिले तर भाषा आणि इतिहास दोन्ही चुकतात.

आपले मराठी धन

शेवटी घरच्या शब्दांकडे पाहू. लगाम घालणे, पायबंद घालणे, वेसण घालणे. लगाम घोड्याच्या तोंडाचा, पायबंद घोड्याच्या पायाचा, वेसण बैलाच्या नाकातली. मराठी मुलखाने घोडदळ ठेवले आणि शेती केली, म्हणून आपले थांबवण्याचे शब्द तबेल्यातून आणि गोठ्यातून आले. खर्चाला आळा घालतात, प्रगतीला खीळ बसते, सभा तहकूब होते, अभ्यासात खंड पडतो, रागाला आवर घालतात. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'स्टॉप' चालेल, पण नेमका शब्द वेगळा आहे. तो शोधताना आधी मराठी वाक्प्रचार आठवला तर अर्धे काम झाले.

सराव

पुढील वाक्ये इंग्रजीत करा. उत्तरे खाली आहेत, पण आधी वहीत लिहा.

1. आम्ही पाणी प्यायला थांबलो.
2. माझ्यासाठी फाटकापाशी थांब.
3. पावसामुळे सामना काही वेळ थांबवण्यात आला.
4. काकांनी तंबाखू सोडली.
5. पहारेकऱ्याने अनोळखी माणसाला आत येऊ दिले नाही.
6. दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवला.

उत्तरे : 1. 'वी स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर.' 2. 'वेट फॉर मी' ने सुरुवात करा, 'स्टॉप'ने नको. 3. 'वॉज सस्पेंडेड', कारण सामना पुन्हा सुरू होणार आहे. 4. 'गेव्ह अप' किंवा 'क्विट'. 5. 'स्टॉप्ड द स्ट्रेंजर फ्रॉम एंटरिंग'. 6. 'सीस्ड फायर', 'सीझ्ड' लिहिलेत तर गुण गेला.

'स्टॉप' लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. थांबतो कोण, स्वतः की दुसऱ्यामुळे? थोडा वेळ की कायमचे? गोष्ट सुरू झाली आहे की अजून व्हायची आहे? ही तीन उत्तरे मिळाली की शब्द चुकत नाही. पुढच्या अंकापर्यंत 'स्टार्ट' या शब्दावर अशीच पाच वाक्ये लिहून आणा. त्यातही मराठीला किती क्रियापदे लागतात, ते मोजा.